आईने घरी आणलेला उपदेश

आमचं जुनं चर्च चिखलीच्या रस्त्याला होतं, दगडी आणि एवढंसं. नाताळात अर्धी मंडळी बाहेर लिंबाखाली बसायची. नवं बांधायचं ठरलं तेव्हा तरुण पोरं म्हणाली, आठवड्यातल्या दोन तासांसाठी एवढी इमारत कशाला, सगळ्या कामांना येईल असा हॉलच बांधू. तसा बांधला. उंच पत्र्याचं छत, गुळगुळीत फरशी, चाकाच्या खुर्चीसाठी दाराशी उतार. रविवारी उपासना, इतर दिवशी शिकवण्या, लग्नं, डोळे तपासायचं शिबिर आणि संध्याकाळी बॅडमिंटन. खेळाच्या पांढऱ्या रेघा फरशीवर कायमच्या रंगवलेल्या. पहिल्याच रविवारी बाया नेटच्या एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला आपोआप बसले, आणि प्रभुभोजनाचा मेज नेमका सर्व्हिस करायच्या जागी आला. मला हसू आवरेना. शेजारी बसलेल्या आईने कोपर मारलं.

बाबा त्या दिवशी नव्हते. उभी हयात एसटी चालवली, कधी साधा ओरखडा आला नाही, आणि निवृत्तीनंतर अंगणातल्या शेवाळावरून घसरून मांडीचं हाड मोडून बसले. आत रॉड टाकला होता. हंगामाच्या सणापर्यंत त्यांना नवा हॉल काही दिसणार नव्हता. पण त्याची काळजी नव्हती, कारण आई होती. आजारी, बाळंतीण, शेतात जागलीला थांबलेला, ज्याची उपासना चुकेल त्याला आई रविवारी दुपारी अख्खा उपदेश जसाच्या तसा सांगायची. पाळकसाहेब मध्ये कुठे खोकले तेसुद्धा. मंडळीत तिला त्याबद्दल मान होता आणि तो आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं.

नव्या हॉलमध्ये मात्र आवाज घुमायचा. पाळकसाहेबांचा एक शब्द पत्र्यावर आपटून खाली येईस्तोवर दुसरा वर निघालेला असायचा. माइक मोठा केला की आणखी गोंधळ. मला निम्मं कळायचं, उरलेलं मी अंदाजाने भरायची. पण हे बोलायचं कुणी? प्रत्येकाने वर्गणी दिलेली, सुट्टीच्या दिवशी विटा वाहिलेल्या. स्वतः पसंत केलेल्या जावयाला चारचौघांत नावं कोण ठेवतं? सगळे माना हालवायचे. आईही हालवायची.

त्या पहिल्या रविवारी घरी येऊन ती बाबांच्या खाटेजवळ बसली आणि उपदेश सांगू लागली. मी भाजी चिरत होते. ऐकता ऐकता माझा हात थांबला. पाळकसाहेब विश्वासाने नीतिमान ठरण्याविषयी बोलले होते, एवढं तर मलाही कळलं होतं. आई सांगत होती ती प्रभूच्या एका शिष्याच्या तापकरी सासूची गोष्ट. प्रभूने तिचा हात धरला, ताप उतरला आणि ती लगेच उठून पाहुण्यांच्या सेवेला लागली, असं शास्त्रात आहे. आई म्हणाली, पाळकसाहेबांनी सगळ्यांना विचारलं, की तव्यापुढे बसून भाकरी थापताना त्या बाईला पुन्हा गरगरलं नसेल का? आणि जावई एकदा तरी चुलीपाशी डोकावला असेल का? बाबा रॉडचा पाय सांभाळत खूप हसले. मग म्हणाले, नव्या देवळात जाऊन पाळकसाहेब सुधारले.

पुढे दर रविवारी हेच. पाळकसाहेब हॉलमध्ये जड जड विषय घेत, आणि आई घरी आणायची ती हरवलेली मेंढरं, विहिरीवरच्या बाया, अवेळी दार वाजवून भाकर मागणारा शेजारी. बाबा शनिवारपासूनच वाट पाहू लागले. एकदा पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले, तर बाबांनी त्या सासूच्या उपदेशाची तोंड भरून स्तुती केली. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. आई चहा बघायला म्हणून जी आत गेली, ती चहा उतू गेला तरी बाहेर आली नाही. शेवटी पाळकसाहेब नम्रपणे म्हणाले, सगळी देवाची कृपा.

सण जवळ आला आणि बाबांनी जाहीर केलं, की दाराशी उतार आहे, खुर्ची जाते, तर आपण पहिल्या रांगेत बसून पाळकसाहेबांना समोरून ऐकणार. आईने थंडी, धूळ, गर्दी, सगळं सांगून पाहिलं. ते बधेनात. तेव्हा ती स्वयंपाकघरात माझ्यापाशी आली.

"माहे कान गेले वं," ती हळू म्हणाली. "त्या हॉलात मले काहीच उमजत नाही. सारे समजून मान हालवतात, मी एकटीच खुळ्यावानी हालवत राह्यते. आता तुह्या बाबाले समजीन, का मी मनचंच सांगत होती. मंग मले कोण सांगू देईन?"

मलाही निम्मंच ऐकू येतं, असं मी तिला सांगितलं. तिला वाटलं, मी समजूत घालते आहे.

हंगामाच्या सणाला ज्याने त्याने आपल्या पिकातलं चर्चला आणायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा, ही आमची रीत. यंदा कापूस बरा झाला होता. जुन्या लुगड्यांत बांधलेली कापसाची गाठोडी येतच राहिली. ठेवायला जागा पुरेना म्हणून ती तिन्ही भिंतींना छातीइतकी रचली. मधे भोपळे, सोयाबीनची पोती आणि एक चिडलेला कोंबडा. बाबांची खुर्ची पहिल्या रांगेत, त्यांच्या बाजूला आई, पाठीमागे मी. पाळकसाहेबांनी तोंड उघडलं आणि पहिला शब्द स्वच्छ ऐकू आला. दुसराही. पाळकसाहेब स्वतःच दचकून क्षणभर थांबले. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

आईने हात मागे करून माझा हात धरला. "ऐकू येऊन राह्यलं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि माझेही.

उपासना संपल्यावर सगळ्यांची तोंडं एकदम उघडली. इतके दिवस कुणालाच धड ऐकू येत नव्हतं, आणि प्रत्येकाला आपलेच कान गेले असं वाटत होतं. कापसाने आवाज खाल्ला, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं. मग कापूस लिलावातून काढून त्याच्या गाद्या भरायच्या आणि भिंतींना लावायच्या, असं चर्चच्या वडीलमंडळाने तिथेच ठरवलं. बॅडमिंटनवाल्यांनीही हरकत घेतली नाही.

दुपारी बाबा खाटेवर आडवे झाले. आई हौसेने जवळ बसली आणि सकाळचा उपदेश सांगू लागली, शब्दाला शब्द, खोकल्यासकट. बाबांनी थोडा वेळ ऐकून घेतलं.

"हे त मी आत्ताच ऐकलं," ते म्हणाले. "चांगलं बोलले ते. आता तुह्या पाळकाचं सांग."

आईचा चेहरा उतरला. "तुमाले कधी समजलं?"

"पहिल्याच रविवारी. आपल्या पाळकसाहेबानं जन्मात कधी भाकर थापली काय?" त्यांनी उशी सारखी केली. "सांग ना वं. त्या सासूचं पुढं काय झालं?"

आई पदराने डोळे पुसत हसली आणि खाटेच्या आणखी जवळ सरकली.

"काय होईन," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी ती उशिरा उठली. पाणी जावयानं भरलं."