रुमालराव

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्यात ऑफिसमध्ये होते. बाबा म्हणाले, गाडी करून ये. मी मात्र बसस्थानकावर गेले आणि टेंभुर्णीची एसटी पकडली. बसायला जागा नव्हती. उभ्यानेच गेले, आणि डोळे भरून येत असतानाही आतून कुठेतरी बरं वाटत राहिलं...

कोरोनात माझं ऑफिस बंद झालं आणि मी टेंभुर्णीला आत्याकडे राहायला गेले. ती निवृत्त शिक्षिका, सगळं गाव तिला बाई म्हणायचं. लॉकडाऊन उठल्यावर जालन्याची सकाळची एसटी पुन्हा सुरू झाली, पण धावायची रिकामीच. कंडक्टर म्हणाला, असंच चाललं तर ही फेरी बंद होणार. फेरी गेली असती तर कितीतरी मुलींचं कॉलेजही गेलं असतं, कारण जीपने त्यांना घरच्यांनी पाठवलं नसतं. आत्या वैतागली. "जीपमधी मांडीला मांडी लावून बसतेत, अन् एसटीत रोगाला भितेत. रोग जाईल गं, पण गेलेली गाडी परत येत न्हाई."

दुसऱ्या सकाळपासून काही काम नसताना ती त्या गाडीने जायला लागली, मला घेऊन. अनोळखी माणसांशी बोलणं मला जमत नाही. "तू नुसती बस," ती म्हणाली, "बोलायचं मी बघते." चढली की ती सगळ्या खिडक्या उघडायची, थंडीतसुद्धा. आमच्याकडे जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकतात. आत्या तोच रुमाल शेजारच्या सीटवर अंथरायची, तिथं कुणी बसू नये म्हणून. हळूहळू बाजाराला जाणाऱ्या बायका येऊ लागल्या, आपापले रुमाल घेऊन.

"बाई, शेजारी कोण बसवलंय?" एकीने विचारलं.

"रुमालराव. लई गुणाचे. खोकत न्हाईत."

मास्कमागे सगळी गाडी हसली.

मग निर्बंध उठले, कॉलेज उघडलं. एका सकाळी आम्हाला उशीर झाला, तर गाडीत पाय ठेवायला जागा नाही. एका मुलीने रुमाल टाकून आत्यासाठी सीट धरली होती. आत्याने तो रुमाल उचलला, कडेवर लेकरू घेतलेल्या एका बाईला तिथं बसवलं आणि स्वतः दांडा धरून उभी राहिली. "कंडक्टरसाहेब," ती मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज मला जागा न्हाई. लिहून घ्या." जालना येईपर्यंत ती हसतच होती.

तिच्या पर्समधला निळ्या काठाचा रुमाल आता माझ्याकडे असतो. परवा टेंभुर्णीहून परत निघाले. खिडकीतून टाकायला रुमाल वर केला, तर आतल्या सगळ्या सीट भरलेल्या. मी त्याची घडी करून ठेवली, गाडीत चढले, आणि कुणी काही विचारलेलं नसताना मोठ्याने म्हणाले, "मला जागा न्हाई."

दोन-तीन बायका वळून हसल्या. त्यांना कळलं होतं.