चार नंबरची बाटली

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाई. नवऱ्याले नाई, आईले नाई. तुम्हाले काऊन सांगून राह्यली — मले तरी कुठं समजते? आज सकाळी इंदूची कॅन आली, म्हणून असेल.

इंदू माझी लहानपणची मैत्रीण. तिचं लग्न गावातच झालं, आमच्या मागच्याच घरात. मधात थोडी पडीत जागा अन् त्या घरची विहीर. पाणी असं का तूरडाळ पटकन शिजे. मी वर्ध्याले एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागली, पिपरी मेघेले राहाले आली, तरी दर खेपेले ती पाच लिटरची कॅन भरून देई. "तुमच्या शहरातल्या पाण्यात वरण शिजते काय वं?" अशी चिडवायची.

बाबांचं गावात बियाण्यांचं अन् फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. एका पांढऱ्या पावडरीवर सरकारची बंदी आली अन् आठ-दहा थैल्या पडून राह्यल्या. बाबांनी त्या मागच्या पडीत जागेत गाडल्या. भर दुपारी, सगळ्यांसमोर — त्यात लपवण्यासारखं काय होतं? पुरलं म्हणजे संपलं, असंच सारे समजत. थैल्या ओढू लागाले मीच होती.

दोनेक वर्षांनी आमच्या सरांनी गावोगावच्या विहिरींचा सर्व्हे काढला. त्यांनीच समजावलं — ही पावडर कुजत नाई, विरत नाई. मातीत बसून राहते, हळूहळू पाण्यात उतरते, पाण्यातून अंगात, अन् अंगातून आईच्या दुधात. मले आमच्या मागं गाडलेल्या थैल्या आठवल्या. अन् आमच्या गावच्या बाटल्या भरून आणायचं काम आलं माझ्याकडंच.

आधी बाबांकडे गेली. सारं सांगितलं. ते म्हणाले, "जे निघन ते निघन. बाटली खरी भरजो."

इंदूनं स्वतः पाणी शेंदून दिलं. कडेवर सहा महिन्यांची पोरगी, अंगावर पिणारी. बाटली त्याच विहिरीच्या पाण्यानं तीनदा विसळायची, मंग गळ्यापर्यंत भरायची — आमचा नियम. मी विसळली, भरली, चिठ्ठी लावली: विहीर नंबर चार. भोवती बाया जमल्या होत्या. "पाहा वं, दुकानदाराची पोरगी मॅडम झाली!" मले ते आवडलं. खोटं कशाले बोलू, लय आवडलं.

अन् मंग — गावाबाहेर, नाल्यापलीकडच्या विहिरीवर मी थांबली. चार नंबरची बाटली ओतून दिली. तिथलं पाणी भरलं. चिठ्ठी तीच ठेवली.

बाबांसाठी केलं म्हणू? बाबा तर तयार होते! मीच भ्याली. त्याच बाया उद्या मले काय म्हणतील, याले भ्याली.

रिपोर्ट आला — चार नंबर, धोका नाही. बाबा ऐकून रडले, देवापुढं साखर ठेवली. इंदूनं विचारलं, "मंग पोरीले बिनधास्त पाजू नं?"

"पाज," मी म्हणाली. एवढंच म्हणाली.

आता बाबा नाईत. खरीच बाटली भरली होती, असं समजूनच गेले. पोरगी शाळेत जाते. तब्येत कशी आहे, हे मी कधी विचारत नाई. गावी जाणंच सोडलं. इंदू निरोप धाडते, "एकडाव तरी येजो." मी परीक्षांचं कारण सांगते. अन् इतकी आठवण येते तिची! विहिरीच्या ओट्यावर बसून आम्ही चिंचा खायचो, वरून ओंजळ-ओंजळ पाणी प्यायचो. ती चव अजून जिभेवर आहे. घरात नळ आहे, फिल्टर आहे, पण तहान मले त्याच पाण्याची लागते. तिच्या हातच्या.

कॅन मात्र येत राहते, गावच्या दूधवाल्याच्या हातून. आज सकाळीही आली. झाकण उघडून मी थोडा वेळ तशीच उभी राह्यली. मंग मोरीत ओतली. कॅन तीनदा विसळली अन् दूधवाल्याच्या हाती परत दिली. निरोपही दिला, दर खेपेचाच — इंदूले सांगजो, वरण मस्त शिजलं.