गिरजाआत्याची पावणी

गिरजाआत्याने आयुष्यात कुणालाही त्याच्या नावाने हाक मारली नाही. माणसात जे उणं असेल ते ती पहिल्याच भेटीत हेरायची आणि पुढे तेच त्याचं नाव होऊन जायचं. माझे वडील तिचे सख्खे धाकटे भाऊ. त्यांचा डावा पाय पोलिओने गेलेला, म्हणून ते ‘लंगड्या’. मी रंगाने सावळी, म्हणून ‘काळी’. गावातला किराणा दुकानदार बोलताना अडखळायचा, तो ‘अडक्या’. तिचा एकुलता एक मुलगा व्यंकट तेवढा ‘राजा’, कारण त्याच्यात तिला काही उणं दिसत नव्हतं. आणि सून सुषमा ही ‘पावणी’. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं, म्हणून पावणी. “वटी भरल्याबिगर बाई घरची व्हत न्हाई,” आत्या म्हणायची. “तवर ती पावणीच. पावण्यानं ताटात पडंल ते खावं आन् गप ऱ्हावं.”

नायगावपासून आत, कच्च्या रस्त्याने गेलं की तिचं शेत होतं आणि शेतातच घर. आत्या उंच, हाडापेराने मजबूत. पायात कायम पुरुषी चपला. हसायची तेव्हा आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. आजी वारली तेव्हा आत्या अकरा-बारा वर्षांची होती. तिने शाळा सोडली आणि माझ्या वडिलांना वाढवलं. त्यांचा पाय गेल्यावर त्यांना कडेवर घेऊन ती नांदेडच्या दवाखान्यात खेटे घालायची. ‘लंगड्या’ हे नावही तिनेच ठेवलं. वडील मला सांगायचे की शाळेत पोरं तसं चिडवायला लागली तेव्हा त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, कारण घरात ते रोजच ऐकत होते. आत्याचं त्यावरचं म्हणणं ठरलेलं होतं. “जगानं म्हनायच्या आधी आपुन म्हनावं. मग जगाचे दात बोथट व्हतेत.”

लहानपणी मला हे पटायचं. बारावीनंतर घरी माझ्या लग्नाची बोलणी निघाली, तेव्हा आत्या आली आणि आलेल्या पाहुण्यांसमोरच म्हणाली, की काळीला कोण चांगला घेणार आहे, शिकू द्या तिला, निदान कुणाच्या उंबऱ्यावर पडून राहणार नाही. मी दोन दिवस रडले. पण लग्न टळलं. नांदेडला पॅथॉलॉजी लॅबचा कोर्स करायला मला पाठवलं ते त्या एका बोलण्यामुळे. आज माझी नोकरी आणि माझं घर त्यावरच उभं आहे. हे मी कधी विसरले नाही, आणि पुढे माझ्या हातून जे झालं त्याचं एक कारण हेच.

स्ट्रॉबेरी आणली ती सुषमावहिनीने. तिचं माहेर देगलूरचं. मोबाइलवर व्हिडिओ बघून तिच्या मनात आलं, की आपल्याकडेही थंडीत हे फळ येईल. व्यंकटदादाच्या मागे लागून तिने महाबळेश्वरहून रोपं मागवली, विहिरीजवळच्या तुकड्यात मातीचे उंच बेड पाडले, त्यावर काळा-चंदेरी कागद अंथरला, ठिबक केलं. दुपारच्या उन्हाला वर हिरवी जाळी बांधली ती स्वतः शिडीवर चढून. आत्या बांधावर उभी राहून बघायची. “कूस उगवंना म्हनून वाफे करून राहिली,” एवढं म्हणाली आणि तिचे खांदे हलले. गड्यांसमोर म्हणाली.

जानेवारीत फळ आलं. लालभडक, बोटभर, कागदावर लोळणारं. गावातली माणसं बघायला यायला लागली, तसं ते रान आत्याचं झालं. ‘आमच्या इस्टाबेरी’ असं ती सांगायला लागली आणि एका रविवारी तिने सगळ्या नात्याला बोलावलं. सकाळी ऊन चढायच्या आत तोडायचं असतं. देठ नखाने खुडायचा, फळ ओढायचं नाही, एकावर एक रचायचं नाही, हे वहिनी आम्हाला वाकून वाकून दाखवत होती. माझे वडील हौसेने बेडमध्ये शिरले, पाय अडकला आणि आडवे झाले. सदऱ्यावर लाल डाग. कुणी धावायच्या आधी आत्या म्हणाली, “राहू द्या त्याला तिथंच. बुजगावनं पायजेच होतं.” सगळे हसले. वडीलही हसले. मी त्यांना हात देऊन उठवलं.

मग आइस्क्रीम. आत्याकडे एक जुना संचा होता, लाकडी बादलीत पत्र्याचं भांडं आणि वर फिरवायचा दांडा. नायगावहून पोत्यात गुंडाळून बर्फाची लादी आणली होती. ती फोडून, खडे मीठ टाकून भांड्याभोवती ठेचायची आणि दांडा फिरवत बसायचं. म्हशीचं दूध आटवून तयार होतं. वहिनी म्हणाली की दूध थंड होऊन जरा गोठायला लागू द्या, मग फळाचा गर घाला, फळ आंबट आहे. आत्याने ऐकून घेतलं आणि सगळा गर गरम दुधात ओतला. दूध फाटलं. तिने भांड्यात बघितलं, मग वहिनीकडे, आणि शांतपणे म्हणाली, “वांझेची नजर.” त्या दिवशी सगळ्यांनी ते फाटलेलं दूध थंड करून खाल्लं आणि छान झालंय म्हटलं. मीही म्हटलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात व्यंकटदादा तपासणीसाठी मी काम करत होते त्याच लॅबमध्ये आला. वहिनीच्या सगळ्या तपासण्या तोवर झालेल्या होत्या आणि त्यात काही दोष निघाला नव्हता. तरी औषधं तीच खात होती आणि उपासही तीच करत होती. दादाने तपासणी करून घ्यावी म्हणून ती दोन वर्षं मागे लागली होती. रिपोर्ट न्यायला मात्र आत्या एकटी आली. इंग्रजी कागद तिला वाचता येत नव्हता, म्हणून तिने मला जिन्यात बोलावून विचारलं. मी सांगितलं. दोष दादात होता आणि त्याला मूल होण्याची आशा जवळजवळ नव्हती.

आत्या जिन्याच्या पायरीवर बसली. तिला बसलेली मी फार कमी वेळा बघितली होती. तिने कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, चोळीत खोचली. मग माझा हात धरला.

“काळे, माझ्या लेकराची इज्जत तुझ्या मुठीत हाय. मूठ उघडू नको.”

मी म्हटलं, दादाला तरी सांगावं लागेल. ती म्हणाली, त्याला फोन कर आणि सगळं बरोबर आहे म्हणून सांग. तुझं शिक्षण कुणामुळे झालं हे ती बोलली नाही. तिला बोलायची गरज नव्हती. मी तिच्यासमोरच फोन लावला आणि म्हटलं, “दादा, सगळं नॉर्मल आहे.” पलीकडून दादाने सुटल्यासारखा श्वास सोडला, तो मला अजून ऐकू येतो. आठवड्याने वहिनीचा फोन आला. ती म्हणाली, “ताई, माझंबी बरोबर, ह्यांचंबी बरोबर, मग असं का हो?” मी म्हटलं, कधी कधी होतं असं.

पुढच्या जानेवारीत पुन्हा बोलावणं आलं. मदतीला म्हणून मी आदल्या दिवशीच गेले. आत्या चुलीपुढे दूध आटवत होती. तिने सहज सांगावं तसं सांगितलं की उद्या मुखेडचे पाहुणे येणार आहेत, मुलीला घेऊन, राजाला बघायला. पहिली बायको माहेरी निघून गेली, फारकत व्हायचीच राहिली आहे, असं तिने त्यांना कळवलं होतं. सुषमावहिनी त्या वेळी रानात उद्या तोडायची पिकलेली फळं हेरून ठेवत होती.

मी म्हटलं, “आत्या, रिपोर्ट तुला माहीत आहे.”

“मला म्हाईत हाय. गावाला न्हाई.” ती उलथण्याने साय मोडत होती. “रान बदललं की लोकं बियाचं नाव काढत न्हाईत.”

“आणि दुसरीलाही नाही झालं तर?”

“कागद बी खोटा निगतो कदी. न्हाई निगला, तर तवर मी असंन का बघायला?”

वहिनीचं काय, असं मी विचारलं. आत्याने माझ्याकडे बघितलं, जणू हा प्रश्न मी विचारणं हाच वेडेपणा. “पावणी एक दिवस जातीच की. उगी म्हनलं का मी तिला पावणी?”

त्या संध्याकाळी वहिनी आणि मी ओट्यावर बसून टोपल्या पुसल्या. ती यंदाचं फळ मागच्यापेक्षा गोड आहे म्हणून सांगत होती. दूध यंदा फाटू देणार नाही म्हणाली. माझ्याजवळ तासभर होता. मी टोपल्या पुसल्या.

सकाळी पाहुणे आले. मुलगी साधी होती, पंचविशीची, सारखी पदर सावरणारी. तिच्या वडिलांना आत्याने रान दाखवलं. वहिनी बेडमध्ये वाकलेली होती, तिच्याकडे हात करून आत्या म्हणाली, “ही आमची पावणी. रानातलं बघती.” व्यंकटदादा बाजूलाच उभा होता. त्याने पाटाच्या पाण्यात बघितलं. मुलीला फळ तोडायचं होतं, म्हणून ती वहिनीजवळ गेली. वहिनीने तिला देठ कसा खुडायचा ते दाखवलं. मी दोन बेड सोडून होते. मुलीने विचारलं, तुम्ही यांच्या कोण? वहिनी म्हणाली, सून. मुलीचा हात फळावरच थांबला. “मग मला कशाला आनलंय?” ती म्हणाली. इतक्या हळू, की ते बहुधा तिने स्वतःलाच विचारलं असावं.

वहिनीने त्या मुलीच्या हाताखालचं फळ खुडून टोपलीत ठेवलं आणि पुढच्या रोपाकडे सरकली. शेवटच्या बेडपर्यंत तिने सगळं तोडलं. मग घरी येऊन गर केला, साखर घालून एक कढ दिला, थंड केला, दूध गोठायला लागल्यावर संच्यात घातला. दांडा व्यंकटदादा फिरवत होता. ती त्याच्यासमोर बसून बर्फावर मीठ टाकत होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. आइस्क्रीम असं जमलं होतं, की मी त्यानंतर कुठे तसं खाल्लं नाही. हे लिहायला मला लाज वाटते, पण ते खरं आहे. गुलाबी, दाट, मध्येच फळाचा तुकडा लागणारं.

आत्या खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. वहिनीने पहिली वाटी त्या मुलीला दिली, दुसरी तिच्या वडिलांना. सगळ्यांना वाढून ती स्वतःसाठी वाटी घ्यायला वळली, तेव्हा आत्या म्हणाली, “तू ऱ्हाऊ दे. तुझ्या नशिबात वाढायचं हाय, खायाचं न्हाई.” मुखेडचे पाहुणे हसावं की नाही या विचारात पडले. मुलीने वाटीला हात लावला नव्हता, तिचं आइस्क्रीम वितळत होतं. माझे वडील खाली मान घालून खात होते. मीही.

वहिनीने संचा धुतला, उन्हात पालथा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक पिशवी घेऊन देगलूरच्या बसला गेली. दादा फाट्यापर्यंत मोटारसायकलने सोडायला गेला होता. तिला परत आणायला मात्र गेला नाही. मुखेडहून आठवड्यात नकार आला. स्ट्रॉबेरीचं रान महिनाभरात वाळून गेलं, कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं. आत्याने त्यात मेथी टाकली.

फारकत झाली. दादाचं दुसरं लग्न जमलं नाही. एक-दोन ठिकाणी बोलणी झाली आणि मोडली. सात-आठ वर्षांत आत्या थकत गेली. गेल्या वर्षी ती गोठ्यात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने अंथरुणावर होती. तिथेही ती तशीच होती. स्वतःलाच तिने नाव ठेवलं, ‘लोळी’. मी भेटायला गेले तेव्हा दादा तिला पेज भरवत होता. तो बाहेर गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं. अंगाला औषधाचा वास येत होता, नजर मात्र धारदार.

“काळे, मूठ झाकून ठिवलीस. माझ्या सगळ्या मानसांत तू एकलीच कामाची निगालीस.”

सबंध आयुष्यात तिने माझं केलेलं हे एकच कौतुक. मी तिचे पाय चेपले आणि घरी आले. पावसाळा लागायच्या आधी ती गेली. माझे वडील लहान मुलासारखे रडले. तेराव्याला माणसं तिच्या बोलण्याचे किस्से सांगून हसत होती, आणि मला कळत होतं की तिचे दात जगाच्या आधी आम्हाला लागले होते आणि आम्ही त्यालाच माया म्हणत आलो होतो. व्यंकटदादाला मी अजूनही काही सांगितलेलं नाही.

महिनाभराने मी देगलूरला गेले. आत्या गेल्याचं वहिनीला सांगायचं, आणि जमलं तर ते दुसरंही, असं ठरवून. तिने पुन्हा लग्न केलं आहे हे मला ऐकून माहीत होतं. घर लहान, नीटनेटकं. तिने मला ओळखलं, बसायला दिलं, चहा टाकला. आत्या गेली हे ऐकून तिने हात जोडले आणि खाली ठेवले. तेवढ्यात शाळेच्या कपड्यांत पाच-सहा वर्षांची मुलगी आत आली आणि तिला बिलगली. वहिनीचंच नाक, वहिनीचेच डोळे.

मी बोलायला तोंड उघडलं, पण आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलीची वेणी सोडत वहिनी म्हणाली, “ताई, आत्याबाईंनी नेलेला ह्यांचा तो कागद तुमच्याच लॅबात झाला होता ना?”

“हाव,” मी म्हटलं.

तिने मुलीची दुसरी वेणी सोडायला घेतली. “आत्याबाई त्यांची आई होत्या. त्यांनी लेकराला झाकलं,” ती म्हणाली. “तुम्ही कुणाला झाकलं?”

मी चहा संपवला. तिने कपबशी उचलली, मुलीला हात-पाय धुवायला पाठवलं आणि बसस्टँडला जायचा जवळचा रस्ता मला नीट समजावून सांगितला. दारापर्यंत आली. पुन्हा या, असं ती म्हणाली नाही.