पाटावरची नवरी आणि तानुबाईची मान

तानुबाई न्हावीण येताना दिसली की आधी तिचं डोकं दिसायचं, मग बाई. मान पुढं आलेली, नजर भुईला. परक्याला वाटावं, हिचं काहीतरी सांडलंय अन् ही शोधायलीय. सांडलं काहीच नव्हतं. पंचवीस वर्षं गावच्या लेकींना उटणं लावता लावता, शिकेकाईनं न्हाऊ घालता घालता, वज्रीनं त्यांच्या टाचा घासता घासता तिची मान तशीच राहिली होती.

गाव येलदरीच्या अलीकडं, पूर्णेच्या काठाला. तिथली रीत अशी की नवरी अंगणात भुईवर पाट मांडून बसायची आणि न्हावीण तिच्याभोवती वाकून फिरायची. टाचांपाशी आली की बाईची पार घडी व्हायची. दुसरी रीत त्याहून कडक. पहिलं उटणं ज्या हाताचं, शेवटची वेणीही त्याच हाताची. मधे हात बदलला किंवा नवरी पाटावरून उठली, तर अपशकुन.

निजामाच्या फसली सनाच्या तेराशे एक्कावन्नच्या उन्हाळ्यात तानुबाईचा उजवा हात बधिर पडायला लागला. मानेतून कळ निघायची ती थेट अंगठ्यात उतरायची. भाकरी थापताना पीठ हाताला लागतंय का नाही, तेही कळेना. नवरा किशन तिला जिंतूरच्या हकिमाकडं घेऊन गेला. म्हाताऱ्या हकिमानं मान चाचपली, हात वर करायला लावला, काम काय करते ते विचारलं.

"अम्मा, झुकके काम नक्को करो," तो म्हणाला. "काम को अपने पास बुलाओ. तुम उसके पास कायकू जाते?"

तानुबाई वाटभर हसली. "आवो, आता नवरीला घराच्या वर माळवदावर चढवून बसवू का काय?"

"हकीम शाना हाय," किशन म्हणाला, "पर त्याला आपलं गाव कुठं म्हाईत."

मग दोघांनी गावात सगळे करतात तेच केलं. बिब्बा तापवून त्याचं तेल मानेपासून कमरेपर्यंत ओढलं. कळ होती तिथंच राहिली आणि पाठ उतली. टरारून फोड आले, चोळी टेकवेना. आणि तिसऱ्या दिवशी माणिकराव देशमुखांच्या लेकीची, प्रभावतीची हळद.

"जमंना म्हणून सांगून येतो," किशन म्हणाला.

"सांगा. मंग देशमुखीण बोरी गावच्या न्हाविणीला बोलावंल, अन् तिचं बघून सगळं गाव. तुमच्या एकल्या वस्तऱ्यावर दोघांचं भागंल का?"

आठ दिवस किशनकडं चार दाढ्यासुद्धा आल्या नव्हत्या.

हळदीच्या दिवशी तानुबाईनं पाठीवर जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेतला आणि देशमुखांच्या अंगणात गेली. हातांचं उटणं झालं, पाठीचं झालं, केस धुऊन झाले. वज्री घेऊन ती टाचांपाशी वाकली आणि मान अडकली. वर होईना, खाली होईना. पाठीवरला एक फोड फुटून ओलं खाली उतरलं. हातातली वज्री गळून पडली, आणि पडलेली तिला आवाजावरून कळली.

"कामून थांबलीस गं?" देशमुखीण पार्वतीबाई म्हणाल्या. "ऊन चढायलंय."

"बाईसाब, हात चालंना."

"आता? अर्ध्यात?"

ओट्यावर बसलेल्या बाया वाकून बघायला लागल्या. तानुबाईला भुईशिवाय काही दिसत नव्हतं. ओली माती, हळदीचं पाणी, प्रभावतीची एक घासलेली टाच आणि एक राहिलेली. आज आपलं संपलं, असं तिला वाटलं. उद्यापासून कोणत्या दारात उभं राहायचं? आणि त्या घाबरेपणात तिला हकिमाचं बोलणं आठवलं. हसण्यावारी नेलं होतं, तेच.

"पाट ओट्यावर ठेवला तर व्हईल," ती भुईकडं बघतच म्हणाली. "मी खाली उभी ऱ्हाते. वाकायचं पडणार न्हाई."

"आज पाट ओट्यावर. उद्या म्हणशील, मला बाज टाका."

एक-दोघी हसल्या.

"मुद्दाम न्हाई म्हणत, बाईसाब. पंचवीस वर्षात म्हणले का? मला खरंच उठता येईना."

"अन् नवरीनं उठायचं कसं पाटावरनं?"

उत्तर दिलं ते पार्वतीबाईंच्या चुलतसासू कडूबाईंनी, ओट्याच्या कोपऱ्यातून. "उठायचं कशाला? पाटासगट उचला की. चौघी सवाशिणी काय नुसत्या जेवायला आल्याव?"

पार्वतीबाईंनी लेकीकडं पाहिलं. अर्धी हळदलेली, ओल्या केसांची पोर रडकुंडीला आली होती. दुसरीचा हात लावायचा नाही, अर्ध्यावर सोडायचं नाही. "उचला," त्या म्हणाल्या.

चौघींनी पाट उचलला. प्रभावतीनं दोघींच्या गळ्याला मिठी मारली, एकीचा अंबाडा सुटला, आणि नवरी पाटासकट ओट्याच्या कडेला टेकली. कडूबाईंनी तानुबाईच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. टाच आता छातीपाशी आली होती. तानुबाईनं डाव्या हातानं उजव्याची मूठ वज्रीवर दाबून धरली आणि घासायला लागली. मग चौघींनी पाट फिरवून पोरीची पाठ अंगणाकडं केली, आणि तिनं खालीच उभं राहून, कोपर स्वतःच्या कुशीला टेकवून वेणी घातली. एक पेड ढिला आला. तो उकलून तिनं पुन्हा घातला.

निघताना पार्वतीबाई म्हणाल्या, "धाकटीच्या येळंला आमी बोरीहून बोलावू. तू आता आराम कर."

घरी येऊन ती भिंतीकडं तोंड करून बसली. किशननं पाठीवरचा चिकटलेला तुकडा पाणी लावून लावून सोडवला. तो काय म्हणाला, काय नाही, तिनं ऐकलं नाही. त्या लगीनसराईत तीन घरांनी बोरीची न्हावीण आणली.

लगीनसराई सरता सरता कडूबाईंच्या माहेरचा गडी दारात आला. तानुबाईला त्याचे धुळीचे पाय तेवढे दिसले.

"कडूबाईंच्या भाचीची हळद हाय," तो म्हणाला. "तुमालाच बोलावलंय. पर त्यांच्या घरला ओटा न्हाई."

"बैलगाडी हाय का?" तिनं विचारलं.

"हाय की."

"मंग बैलं सोडा, जुवाखाली टेकू लावा, अन् पाट गाडीवर मांडा म्हणावं. म्या येते."

हात अजून बधिरच होता.