हरिपूरच्या रस्त्यावरची पाच पेवं

सांगलीत जुनी जागा घ्यायची किंवा विकायची झाली, की कुणीतरी जरिनाभाभींचा नंबर देतं. वय पंचावन्नच्या पुढं, सुती साडी, खांद्याला रेक्झिनची पिशवी आणि पिशवीत दहा-बारा जागांच्या किल्ल्या. नवरा गेल्यावर कॉलेजच्या मुलांना भाड्याच्या खोल्या दाखवून त्यांनी सुरुवात केली. पुढं बंद पडलेली तेलगिरणी, पेठेतली दुमजली दुकानं, तासगावकडची बेदाण्याची जुनी गोदामं अशा जागा त्यांच्याकडे येऊ लागल्या. इतर एजंटांना त्या नको असायच्या. कागद जुने, वारस चार गावांत पांगलेले, छप्पर गळकं. भाभी मात्र आत शिरल्या की आधी भिंतीला हात लावायच्या, ओल कुठवर चढलीय ते बघायच्या आणि मगच बोलायला लागायच्या.

हरिपूरच्या रस्त्यावरची जागा त्यांना अशी बघावी लागली नाही. तिथं त्यांचे वडील चांदसाहेब वीस वर्षं कामाला होते.

पुढं हळदीच्या व्यापाऱ्याची दगडी पेढी, मागं मोठं आवार आणि आवाराखाली पाच पेवं. पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेली कोठी. वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, त्याखाली तेवढाच अरुंद गळा, आत वीस-बावीस फूट खोल आणि मडक्यासारखी फुगत गेलेली. हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की आत हवा राहत नाही, म्हणून कीडही लागत नाही. पण त्यामुळेच आत उतरणारा माणूस मरू शकतो. पेव उघडलं की दोन दिवस तसंच सोडायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा, तो नीट जळला तरच उतरायचं, अशी तिथली रीत. भाभी आठ वर्षांच्या असताना चांदसाहेबांचा सोबती अर्जुना घाईनं उतरला आणि खाली कोसळला. त्याला काढायला त्याचा धाकटा भाऊ कृष्णात उतरला. तोही कोसळला. दोघांची प्रेतंच वर आली. त्यानंतर चांदसाहेब घरात कुणालाही तसंच बाहेर पडू द्यायचे नाहीत, नाव घेऊन हाक मारायचे आणि त्यानं ‘ओ’ दिल्यावरच जाऊ द्यायचे.

दोन हजार पाचच्या महापुरात पेवांत पाणी शिरलं. हळद आतच कुजली, पेढीला कुलूप लागलं. मालकाचा नातू राजवर्धन पुण्याला स्थायिक झालेला. त्यानं जागा विकायला काढली आणि भाभींना फोन केला. ‘ऐतिहासिक पेढी व हळदीच्या पेवांसह व्यापारी जागा विकणे आहे’ ही जाहिरात भाभींनीच लिहिली. सात महिन्यांत नऊ पार्ट्या आल्या. सगळ्यांनी पेढीच्या सागवानी खांबांपाशी फोटो काढले आणि परत गेल्या. राजवर्धनचे फोन दिवसेंदिवस तुटक होत चालले.

एप्रिलमध्ये कुपवाडचा शिवतेज आला. फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवणारा, पस्तिशीतला. त्याला पेढीत हॉटेल काढायचं होतं आणि मागं एखादं पेव लोकांना बघायला खुलं ठेवायचं होतं. दुसऱ्या भेटीला तो धाकट्या भावाला, शंभूराजला, घेऊन वर्कशॉपच्या पिकअपमधून आला. राजवर्धनही पुण्याहून मुद्दाम आला होता. भाभींनी त्याला तीन दिवस आधी सांगून ठेवलं होतं, की एका पेवाचं तोंड उघडून ठेवा.

“उघडलं होतं ना परवा?” त्यांनी विचारलं.

“हो, हो. कालपासून उघडंच आहे.”

काल की परवा? भाभींनी खाली बघितलं. तोंडावरून बाजूला ओढलेल्या दगडी झाकणाखालची माती अजून ओली, काळी होती. झाकण सकाळीच काढलेलं होतं. आतून कुबट, आंबूस वास येत होता.

भाभींनी कंदील सोडला. दहा-बारा हातांवर ज्योत बारीक झाली, निळसर झाली. विझली मात्र नाही.

“आज न्हाई,” त्या म्हणाल्या. “दोन दिवसांनी या.”

“आवं भाभी, मी रोज टाक्यांत उतरून वेल्डिंग करतोय,” शिवतेज हसला. “दोन मिनिटं. आतनं भिंती कशा हायत तेवढं बघतो. आज बघितलं तर आज ठरवतो.”

राजवर्धननं भाभींना बाजूला घेतलं. “कंदील वाऱ्यानं हलतोय. सात महिने झाले, भाभी. ही पार्टी गेली तर मी दुसऱ्या एजंटकडे जाईन.”

भाभींनी परत एकदा ज्योतीकडे बघितलं. त्यांना कळत होतं. तरी त्या म्हणाल्या, “दोर बांधल्याबिगर न्हाई. आणि गळ्याखाली उतरायचं न्हाई. तितनंच बॅटरी मारून बघ आणि वर ये.”

त्यांनी स्वतः दोर बांधला. कंबरेला नव्हे, काखेतून, चांदसाहेब बांधायचे तसा. शिडी लावली. शिवतेजचे पाय आत गेले, मग खांदे, मग डोकं.

“लय मोठं हाय रं आतनं!” त्याचा आवाज घुमून आला. “शंभू, अख्खी खोली हाय गड्या...”

“बास. वर ये,” भाभी ओरडल्या.

शिडीच्या दोन पायऱ्या वाजल्या, पण खालच्या. तो आणखी उतरत होता. मग बॅटरी पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

“शिवतेज! ओ दे!”

दोराला एकदम ओझं आलं.

“ओढा!” तिघांनी दोर धरला. हातभर वर आला, आणखी हातभर. तेवढ्यात शंभूराजनं दोर सोडला आणि शिडीकडे धावला. “दादा! आलो मी!”

भाभींनी तोंडाच्या कडेला ठेवलेला कंदील लाथेनं उडवला, दोराचा वेढा राजवर्धनच्या हाताला दिला आणि पेवाच्या तोंडावर आडव्या झाल्या. शंभूराजनं त्यांना खांद्याला धरून ओढलं. भाभींनी त्याच्या थोबाडीत मारली, सगळ्या ताकदीनं.

“तू उतरलास तर दोघंबी जाल! ऐकतोयस का? पिकअपमध्ये गॅस कटिंगची टाकी हाय ना? ऑक्सिजनची?”

त्यानं मान वळवून पिकअपकडे बघितलं.

“हाय का न्हाई?”

“हाय.”

“नळीसकट आण. पळ!”

तो पळाला. भाभी उठल्या, राजवर्धनच्या पुढं दोर धरला. दोर हाताला कापत होता. राजवर्धनच्या तोंडातून नुसते अस्पष्ट शब्द येत होते, “मी तर म्हटलं... मी म्हटलं...” भाभींना त्याचा आवाज ऐकू येत होता, पण अर्थ लागत नव्हता. त्या मनात आकडे मोजत होत्या. ऐंशी झाले. नव्वद झाले. शिवतेजचं डोकं तोंडाखाली दिसलं आणि दोर थांबला. खांदा गळ्याच्या कडेला अडकला होता.

शंभूराज टाकी गडगडवत, ओढत घेऊन आला. काळी जाड नळी आत सोडली. घाईत टाकीची चावी फिरेना. तिसऱ्या झटक्याला फिरली. फुस्स करून हवा सुटली.

“दोर दोघं धरा. सोडला तर तो मेला.”

भाभी पालथ्या पडल्या. श्वास रोखून डोकं आणि एक हात आत घातला. नळीचं टोक शिवतेजच्या तोंडाशी नेलं. मग त्याचा दंड चाचपला, वर उचलला, कानाला चिकटवला. खांदा फिरला. त्यांच्या कोपराची कातडी कडेला सोलून निघाली.

“ओढा!”

तो बाहेर आला तेव्हा ओठ जांभळे होते, डोळे अर्धे उघडे. शंभूराजनं नळी त्याच्या नाकाशी धरली. भाभींनी छाती दाबली. एकदा, दोनदा, किती वेळा ते त्यांना आठवत नाही. मग शिवतेजच्या घशातून घरघर आली आणि तो ओकला.

पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेताना राजवर्धन मागच्या फळीला धरून बसला होता. तो हळूच म्हणाला, “उन्हानं चक्कर आली, एवढंच सांगू. पोलीस, पंचायत, सगळं मागं लागेल. तुमचंही नाव खराब होईल.”

भाभी शिवतेजच्या नाकाशी नळी धरून बसल्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “काय झालं होतं?” राजवर्धननं तोंड उघडलं. त्याच्या आधी भाभी बोलल्या, “पेवात उतरला होता. आत हवा नव्हती. चार-पाच मिनिटं बेशुद्ध होता. कंदील बारीक झालेला मी बघितला होता, तरी दोर मीच बांधला.”

डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावायला सांगितलं. नर्स धावली. राजवर्धन बाहेर निघून गेला. संध्याकाळपर्यंत त्याचा मेसेज आला, किल्ल्या उद्या कुणीतरी घेऊन जाईल.

शिवतेज दोन दिवस अतिदक्षता विभागात होता. तिसऱ्या दिवशी त्याची बायको पूजा बाकावर बसलेल्या भाभींसमोर येऊन उभी राहिली. शंभूराजनं तिला सगळं सांगितलं होतं, थोबाडीत मारलेलीही.

“तुमी त्यांचा जीव वाचवला म्हणतात सगळे,” ती म्हणाली.

भाभींनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

“मला एकच सांगा. आत धोका हाय हे तुमाला आधी म्हाईत होतं?”

“व्हय.”

“पक्कं?”

“पक्कं. लहानपणापासनं म्हाईत होतं.”

पूजा वळून आत गेली. भाभी पुढचे दोन दिवसही येत राहिल्या, पण पूजा बाहेर आली नाही.

शिवतेज बरा झाला. बोलताना मध्येच शब्द हरवायचे, ते महिनाभरानं थांबलं. पेढीची जागा त्यानं घेतली नाही. भाभींनी मात्र ती सोडली नाही. किल्ल्या गेल्या होत्या, पण जाहिरात दुसऱ्या एजंटनं तीच, त्यांच्याच शब्दांत चालू ठेवली होती. भाभींनी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज दिला, त्यात स्वतःचं नाव घालून घडलेलं सगळं लिहिलं. राजवर्धननं फोनवर शिव्या दिल्या. पंचायतीची नोटीस गेल्यावर त्याला पाचही तोंडांवर लोखंडी जाळ्या बसवाव्या लागल्या. दिवाळीनंतर मिरजेच्या एकानं गोदामासाठी जागा घेतली. त्यानं चार पेवं मुरुमानं भरून टाकली आणि पाचवं जाळीखाली ठेवलं.

या सात-आठ महिन्यांत भाभींकडे नव्या जागा फारशा आल्या नाहीत. ‘भाभी गिऱ्हाईक घाबरवतात’ असं एजंटांमध्ये झालं होतं. त्या सकाळी उठायच्या, पिशवी घ्यायच्या आणि जुन्याच जागांची कुलपं तेल घालून यायच्या.

जानेवारीत फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता.

“मी पूजा बोलतेय. कुपवाडजवळ एक जुनी सूतगिरणी विकायला हाय म्हणं, तुमच्याकडं. आमाला वर्कशॉप मोठं करायचं हाय.”

“हाय,” भाभी म्हणाल्या. “उद्या या, किल्ली माझ्याकडंच हाय.”

ते तिघं दुसऱ्या दिवशी आले. शंभूराजनं भाभींना नमस्कार केला, पण नजर मिळवली नाही. शिवतेज दारातच थांबला. बंद जागेत आता तो सहज शिरत नाही. पूजा आत गेली.

“वरचे पत्रे कसे हायत?”

“मागच्या बाजूचे सात सडलेत.”

“खाली काय हाय?”

“एक टाकी हाय, पाण्याची. कोरडी, पण झाकलेली. मी आत गेले न्हाई. तुमीबी माणूस बोलवून तपासल्याबिगर जाऊ नका.”

“आणि?”

“मागच्या भिंतीला तडा हाय. या, दाखवते.”

पूजानं मोबाइलची बॅटरी लावली आणि भाभींच्या मागोमाग निघाली. बाहेरून शिवतेजनं तिला नावानं हाक मारली. तिनं आतून ओ दिली.