जेमायमाचा चार

डिमोनाच्या जेमायमा चौलकर रंगांच्या मागे गेल्या, आणि रंग धातूंच्या पोटात राहतात म्हणून रसायनशास्त्रज्ञ झाल्या. लहानपणी कोकणातल्या चौलहून इस्राएलात आल्या, तेव्हा भोवती नुसतं वाळवंट. वडील अबाजी संध्याकाळी खनिजांच्या कारखान्यातून येत, त्यांच्या खिशात एखादा निळसर खडा असे. लहानगी जेमायमा तो डोळ्याला लावून त्यातून सूर्य बघे. शाळा हिब्रूत झाली. पाढे मात्र अबाजींनी पाटीवर मराठीत गिरवून घेतले.

बेरशेबाच्या विद्यापीठात अकरा वर्षं त्या तात्पुरत्याच होत्या. सत्त्याण्णव साली कायमच्या जागेसाठी समितीने अट घातली: त्यांनी घडवलेले कोबाल्टचे गुलाबी स्फटिक दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या हातांनी घडले पाहिजेत. कृती लिहिलेल्या वहीच्या पानाची झेरॉक्स यरुशलेमला ओर्ना नावाच्या संशोधिकेकडे गेली. महिन्याने तिचा फोन आला.

"तीनदा केलं, जेमायमा. तिन्ही वेळा निळी भुकटी. समितीला काय लिहू?"

"लिहू नकोस. मी येते."

"बाबा, मी फेल होणार," त्या घरी म्हणाल्या.

"निळा का होईना, कलर आला ना?" अबाजी म्हणाले. "मग रडतेस कशाला, पोरी?"

यरुशलेमची सकाळची बस टेकड्यांमधून चालली होती. कोवळ्या उन्हात टेकड्या क्षणभर अगदी त्या स्फटिकांच्या रंगाच्या झाल्या, मग विझल्या. त्या वळून वळून बघत राहिल्या.

प्रयोगशाळेत ओर्नाने त्यांच्यासमोर द्रावण तापत ठेवलं. तापमापीतला पारा चाळिसावर आला, साठावर गेला.

"थांब! इतकं कशाला?"

"तूच ऐंशी लिहिलंयस." ओर्नाने पान पुढे केलं. हिब्रू ओळीत घाईने लिहिलेलं होतं: ४०.

"हा चार आहे."

"हा आठ आहे, बाई! कुठल्या देशात याला चार म्हणतात?"

"चौलात," जेमायमा म्हणाल्या, आणि खुर्चीत बसून हसत सुटल्या. मराठी दोन, तीन, शून्य इंग्रजी आकड्यांसारखेच, कुणालाही कळले असते; चार मात्र तिथल्या आठसारखा दिसतो. हाताने नेमका चारच मराठीत लिहिला होता.

ओर्नाने पुन्हा मांडलं, चाळिसावर. जेमायमांनी हात पाठीमागे बांधून ठेवले.

चौथ्या दिवशी फोन वाजला. ओर्नाचा होता.

"अगं, काय झालं?"

"सुया," ओर्ना हळूच म्हणाली. "गुलाबी. काचेला टेकून उभ्या आहेत. समितीला लिहायला बसले होते, पण नजरच हलत नाही."

"मग बघ अजून थोडं," जेमायमा म्हणाल्या. "पत्र नंतर लिही."