कारखान्यातल्या खुनाची कादंबरी

मी जी पुस्तकं वाचते ती कुणी दिवाणखान्यातल्या कपाटात मांडून ठेवत नाही. खुनाच्या, भुताच्या, प्रेमाच्या, घोड्या-तलवारीच्या कादंबऱ्या. सांगवीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई आपल्या गॅरेजमध्ये वाचनालय चालवतात. गाडी विकली तेव्हा जागा रिकामी झाली म्हणून सुरू केलं, असं त्या सांगतात. तिथून एका वेळी दोन पुस्तकं मिळतात. ती मी कंपनीच्या बसमध्ये वाचते. सांगवीहून चाकण सव्वा तास, मोशीला गाड्या तुंबल्या तर पावणेदोन. घरी वाचायला सवड होत नाही, आणि झालीच तर मी झोपते.

वाङ्मयातलं मला काही कळत नाही. कंपनीत मी क्वालिटीला आहे. आलेला पार्ट मापायचा, मापात बसला तर पुढे धाडायचा, नाही बसला तर लाल पेटीत टाकायचा. एकवीस वर्षं हेच केल्यावर माणूस पुस्तकालाही तसंच हातात घेतो.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. एक प्रेमाची कादंबरी वाचली. नायिका हिंजवडीत नोकरीला. ती सहाला ऑफिसातून निघते आणि साडेसहाला कॅम्पात नायकासमोर कॉफी पीत बसलेली असते. तिथून पुढे मला त्या दोघांचं काहीच खरं वाटेना. नायकाची स्मृती जाते, परत येते, तेही मी चालवून घेतलं होतं. पण संध्याकाळच्या गर्दीत हिंजवडीहून अर्ध्या तासात कॅम्प?

भुताची एक होती, ती मात्र पहिली शंभर पानं अस्सल. मावळातला बंद बंगला, विहिरीवरचा रहाट आपोआप फिरतो वगैरे. भर सकाळी, भरलेल्या बसमध्ये मी पाय वर घेऊन बसले होते. शेवटी कळलं की भूत-बित नाही, जागेचा एक दलाल लोकांना घाबरवत होता. लेखकाला ऐन वेळी स्वतःच्याच भुताची लाज वाटली असावी. मला फार राग आला. आणि एका गुप्तहेराची पाच पुस्तकं लागोपाठ वाचली. पाचही पुस्तकांत जो माणूस गुप्तहेराशी पहिल्यांदा नीट बोलतो, त्याला बसा म्हणतो, तोच खुनी निघतो. तिसऱ्या पुस्तकात माझ्या हे लक्षात आलं, तरी उरलेली दोन वाचलीच. खुनी आधी कळला की वाचायला निवांत वाटतं.

ही मतं मी कुणाला सांगत नसे. नवऱ्याला पुस्तकं बघूनच जांभई येते. ऐकणारा माणूस मिळाला तो बसमध्येच.

आमच्या टूलरूममध्ये एक फिटर होते. वय सत्तावन्न, भोसरीतल्या जुन्या मुसलमान घरातले, तिथेच जन्मले नि तिथेच वाढले. कंपनीत सगळे त्यांना चाचा म्हणायचे. भोसरीच्या पुलाखाली बसमध्ये चढायचे आणि माझ्या पलीकडच्या खिडकीशी बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, "ताई, रोज एवढं काय वाचता?"

"खून झालाय, चाचा. तिजोरीच्या खोलीत. दार आतून बंद."

"मग मारणारा गेला कुठून?"

"ते अजून कळायचंय."

"कळलं की सांगा. मला चालत्या बसमधी वाचलं की मळमळतं."

मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. खुन्यानं बाहेरून लोहचुंबकानं कडी सरकवली होती. चाचांनी एकच प्रश्न केला, "कडी कशाची व्हती?" मी पान उलटून पाहिलं. पितळेची. "पितळ चुंबकाला दाद देतं व्हय?" असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं याची मला जरा लाज वाटली.

तेव्हापासून रोज सांगायचं असं ठरूनच गेलं. भोसरी ते चाकण मी आदल्या दिवशी वाचलेलं सांगायचे, ते ऐकायचे आणि एखादाच खिळा ठोकायचे. ऐतिहासिक कादंबरीतला घोडा तीन दिवस दौडत होता, तेव्हा ते म्हणाले, "त्याला पाणी कवा पाजलं ते बघा की." पाजलंच नव्हतं. मालकिणीवर एवढी निष्ठा असलेला घोडा तहानेनं मेला असता, पण लेखकाला त्याचं काही नव्हतं. आसपासचे लोक मोबाइलवर काहीबाही बघत असायचे. एकदोघांनी कानातली बोंडं काढून आमचं ऐकायला सुरुवात केली होती.

पावसाळा संपता संपता मी एक नवी रहस्यकथा आणली. पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात घडणारी. मी हौसेनं उघडली आणि दहा पानांत माझी निराशा झाली. लेखक कारखान्याच्या गेटाच्या आत कधी गेलेला नव्हता. त्याच्या कारखान्यात कामगार दिवसभर भिंतीला टेकून गंभीर बोलतात आणि यंत्रं 'अजस्र' असतात. कुणी पाळीला उशिरा येत नाही, कुणी कँटीनच्या डाळीला नावं ठेवत नाही. पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवरचा ऑपरेटर त्या प्रेसमध्ये सापडून मरतो, सगळ्यांना तो अपघात वाटतो. मग एक तरुण पत्रकार बाई येते आणि कुणीतरी प्रेसच्या बटणात मुद्दाम गडबड केली होती असं शोधून काढते.

मी चाचांना सांगत होते. "प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, एवढं त्यानं कुठूनतरी वाचलंय. तर खुनी त्यातलं एक बटण अडकवून ठेवतो. म्हणजे एक हात आत राहिला तरी—"

"कशानं अडकवतो?"

"लाकडाच्या पाचरीनं."

चाचांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मी आपली पुढे चालूच. हे किती खोटं वाटतं, लेखकानं ऑपरेटरला चार ओळींत कसं मारून टाकलं, त्याच्या घरच्यांचा पत्तासुद्धा नाही. चाकणच्या चौकात बस वळली तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गेटाशी उतरले आणि सरळ टूलरूमकडे गेले.

दुसऱ्या दिवशी ते मागच्या बाकावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं, बाईमाणसाशी रोज बोलतात म्हणून कुणी काही बोललं असेल. आठवडा असाच गेला. मी पुस्तक वाचून संपवलं. खुनी मॅनेजर निघाला, त्यानंच पत्रकार बाईला पहिल्यांदा खुर्ची दिली होती.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ते क्वालिटीच्या खोलीपाशी आले. आत फक्त मी होते. दार धरून उभे राहिले.

"ताई, त्या पुस्तकात शेवटी सापडतो का तो?"

"सापडतो. मॅनेजर होता."

"आन् पाचर कुणी बनवली व्हती?"

मला आठवावं लागलं. "त्याचं काही लिहिलेलं नाही."

ते आत येऊन स्टुलावर बसले आणि सांगायला लागले. आवाज चढवला नाही की पाडला नाही. तीस वर्षांपूर्वी ते भोसरीतच एका छोट्या वर्कशॉपमध्ये मेंटेनन्सला होते. दोन प्रेस, आठ माणसं. एकदा मोठी ऑर्डर आली. दोन्ही हातांनी बटणं दाबत बसलं की पत्रा आत सरकवायला वेळ जातो, म्हणून मालकानं सांगितलं, एक बटण दाबलेलंच ठेव. एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं उरलेलं बटण दाबायचं. चाचांनी रात्री एकट्यानं थांबून सागाच्या तुकड्याची पाचर केली, ती सकाळी मालकानंच बसवली. तीन दिवस काम सुसाट चाललं. चौथ्या दिवशी ऑपरेटरच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

"तो माझा दोस्त व्हता. लातूरकडचा. आमी एका ताटात जेवायचो."

चौकशीला सरकारी साहेब आला त्याच्या आत मालकानं पाचर काढून घेतली होती. साहेबानं विचारलं, बटणात काही बिघाड होता का? चाचांनी न्हाई म्हणून सांगितलं. ऑपरेटरचंच लक्ष नव्हतं असं कागदावर आलं. तो दवाखान्यात असताना चाचा दोनदा भेटून आले, मग गेले नाहीत. महिन्याभरात त्यांनी नोकरीही बदलली.

मी म्हटलं, "पण चाचा, मालकानंच सांगितलं होतं ना?"

"सांगितलं मालकानं. घासली म्या."

टेबलावर मापायचे तीस पार्ट पडले होते, त्यातला एक मी उचलला आणि परत ठेवला. माणसाचं सांत्वन कसं करतात ते मला येत नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते करावंसंही वाटलं नाही. त्यांनाही ते नको असावं.

तेच पुढे म्हणाले, "तुमच्या पुस्तकात कुणीतरी विचारत तरी आलं. आमच्याकडं कुणीच आलं न्हाई. म्या वाट बघितली बरं का. वर्षभर बघितली." मग उठताना म्हणाले, "पुस्तक द्या मला. घरी वाचतो."

मी दिलं. त्यांना तीन आठवडे लागले. वाचनालयाच्या बाईंनी दोनदा विचारलं, मी मुदत वाढवून घेतली. चाचा परत माझ्या पलीकडच्या खिडकीशी बसायला लागले होते, पण पुस्तकाबद्दल अवाक्षर नाही. मीही विचारलं नाही. या दिवसांत मी एक विनोदी कादंबरी वाचली, तीत मला एकदाही हसू आलं नाही, पण ती सांगायचं धाडस केलं नाही.

मग एका सोमवारी ते बसमध्ये चढले आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं.

"भिकार हाय," ते म्हणाले.

"मी सांगितलं होतं."

"मॅनेजर शेवटी चार पानं रडतो. एवढं कोण रडतं?" मग म्हणाले, "काल म्या त्याच्याकडं गेलतो."

दोस्त गावी गेलाच नव्हता. चिखलीत राहत होता, तिथे त्याची पिठाची गिरणी होती. चाचांच्या घरापासून सहा-सात किलोमीटरवर. तो तिथे आहे हे त्यांना पंधरा वर्षांपासून माहीत होतं. त्या रस्त्यानं जायचं टाळून ते लांबून वळसा घालून जायचे. रविवारी सकाळी ते पाच किलो गहू घेऊन गेले. नुसतं कसं जायचं म्हणून गहू.

"ओळखलं का तुम्हाला?"

"लगेच. म्हणला, डबा ठेव लायनीत."

त्यांच्या पुढे चार डबे होते. दोस्त डाव्या हातानं सगळं करत होता. उजव्याचा अंगठा फक्त पट्ट्यापाशी टेकवायचा. चाचांचा नंबर आला, गहू आत पडले आणि गिरणी सुरू झाली, तेव्हा त्या आवाजातच चाचा मोठ्यानं बोलले. आवाज नसता तर बोलणं झालं नसतं, असं ते मला म्हणाले. "ती पाचर म्या केलती."

"मग?"

"तो पीठ बघत व्हता. चिमटीत धरून. म्हणला, ठावं हाय मला. येवढी कडंला गुळगुळीत घासलेली पाचर तुझ्याबिगर कोण करणार? दुसऱ्या कुणी नुसतं लाकूड तोडून ठोकलं असतं."

बस मोशीच्या तुंबलेल्या गाड्यांत उभी होती. चाचांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, तो परत घडी घालून ठेवला.

"तीस वर्सं त्याला ठावं व्हतं, ताई. म्या विचारलं, मग बोलला का न्हाईस? तर म्हणला, तू आला न्हाईस. तू आला असता तर शिव्या दिल्या असत्या, तवा लई साठल्या व्हत्या. आता न्हाईत उरल्या."

"माफी मागितलीत?"

"मागाय लागलो, तर म्हणला, गिऱ्हाईकं हायेत, बाजूला हो." चाचा किंचित हसले. मला ते हसणं आवडलं नाही, पण ते खरं होतं. "पुना ये म्हणला न्हाई. नको येऊ असंबी म्हणला न्हाई."

संध्याकाळी मी पुस्तक परत केलं. बाईंनी विचारलं, कसं आहे, दुसऱ्या एकांना हवंय. मी म्हटलं, कारखान्यातलं काहीच त्याला माहीत नाही, सुरुवात लांबलीय, शेवट रडका आहे. माझं मत बदललं नव्हतं, आजही तेच आहे. एखाद्या पुस्तकामुळे कुणाचं काही होतं म्हणून ते पुस्तक चांगलं ठरत नाही. पण मी त्यांना हेही म्हटलं, की देऊन टाका त्यांना, वाचू देत.

पुढच्या महिन्यात चाचा परत गहू घेऊन गेले, त्याच्या पुढच्याही महिन्यात. त्यांच्या गल्लीतच गिरणी असताना एवढ्या लांब कशाला जाता म्हणून बायको कुरकुर करते, असं त्यांनी सांगितलं. तिथे काय बोलणं होतं ते मी विचारलं नाही. एकदा त्यांच्या तोंडून आलं की गिरणीच्या पट्ट्याला जाळी नव्हती, ती त्यांनी टूलरूमच्या भंगारातून परवानगी काढून बनवून नेली. दोस्तानं ती उलटसुलट करून पाहिली, कड हातानं चाचपली आणि बसवून घेतली.

या मार्चमध्ये चाचा निवृत्त झाले. कँटीनमध्ये शाल, नारळ, फोटो झाले. बोला म्हटलं तर ते, जेवण गार होतंय, एवढंच बोलले. आता भोसरीच्या पुलाखाली एक नवा मुलगा चढतो आणि त्या खिडकीशी डोकं टेकवून चाकणपर्यंत झोपतो. मी सध्या अंतराळातल्या एका वसाहतीची कादंबरी वाचते आहे. तीनशे माणसं चाळीस वर्षं यानातून चाललीत, आणि अजूनपर्यंत तरी त्यात एकही बिनडोक चूक मला सापडलेली नाही. अर्थात ती शोधायला चाचा असते तर बरं झालं असतं. एकशे साठ पानं झाली, चांगली वाटते आहे.